पाण्यात धातू किती उतरतो, हे मोजताना

तीन भांड्यांत मी काहीही टाकलेलं नव्हतं. नुसतं चाचणीचं पाणी, झाकण, ढवळणी. तरी तिन्हींच्या नमुन्यांत जस्त निघालं, लिटरला नऊ ते अकरा मायक्रोग्रॅम. शेजारच्या भांड्यांत झिंक ऑक्साइड होतं, लिटरला एकच मिलिग्रॅम, आणि तिथला दोन तासांचा आकडा होता चोवीस. म्हणजे माझ्या आकड्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग त्या पदार्थाचा नव्हताच.

दोन दिवस शोधलं. डीआय पाणी, म्हणजे आयन काढून टाकलेलं शुद्ध पाणी, तपासलं, चाचणीच्या पाण्यातल्या चारही मिठांची द्रावणं तपासली, नायट्रिक ॲसिडची नवी बाटली उघडली. सगळं स्वच्छ. शेवटी सिरिंज हातात घेतली आणि दट्ट्याच्या टोकाकडे लक्ष गेलं. तिथे काळं रबर होतं. रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात. त्या सिरिंजमध्ये डीआय पाणी भरून दहा मिनिटं ठेवलं आणि मोजलं, तर जस्त तिथूनच येत होतं. तेव्हापासून मी रबर नसलेल्या, पूर्ण प्लास्टिकच्या दोन भागांच्या सिरिंजच वापरते, आणि जस्ताचं काम असेल तर हातमोजेही आधी पाण्यात बुडवून ते पाणी मोजून घेते.

हे आधी सांगितलं, कारण या चाचणीत मोजायचा आकडा फार लहान असतो आणि त्यात भेसळ व्हायच्या वाटा पुष्कळ. पद्धत पाठ करणं एका दुपारचं काम आहे. त्या आकड्यात काय काय मिसळलंय हे ओळखायला वेळ लागतो, म्हणून मी पायऱ्यांबरोबर त्या वाटाही सांगत जाणार आहे.

चाचणी कशाची, तर धातूची भुकटी, ऑक्साइड, सल्फाइड, मिश्रधातू अशा पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या पदार्थांतून ठरावीक दिवसांत किती धातू पाण्यात येतो याची. ट्रान्सफॉर्मेशन-डिसोल्यूशन असं तिचं पूर्ण नाव, लॅबमध्ये आम्ही नुसतं टीडी म्हणतो. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००१ साली मार्गदर्शक क्रमांक २९ म्हणून ती प्रसिद्ध केली, आणि रसायनांच्या वर्गीकरणाच्या संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत, म्हणजे जीएचएसमध्ये, ती परिशिष्ट १० म्हणून आहे. झिंक सल्फेटसारख्या मिठाला ती लागत नाही, ते टाकताच विरघळतं. उलट जस्ताच्या भुकटीला ‘विद्राव्यता’ असा ठरलेला आकडाच नसतो. साखर पाण्यात साखर म्हणूनच विरघळते, पण धातू तसा विरघळत नाही. त्याची पाण्यातल्या ऑक्सिजनशी आणि आम्लाशी क्रिया होते, त्याचे आयन बनतात, आणि हे सगळं सावकाश, पृष्ठभागावर घडतं. म्हणून भरपूर पदार्थ टाकून संपृक्त द्रावण करायची नेहमीची विद्राव्यता-चाचणी इथे कामाची नाही. इथे पदार्थाचं माप ठरलेलं, पाणी ठरलेलं, पीएच ठरलेला, आणि घड्याळ लावून पाहायचं.

आधी भुकटी ओळखून घ्या

नमुना हातात आला की बहुतेक जण वजनकाट्याकडे जातात. मी आधी दोन गोष्टी विचारते: कणांचा आकार काय, आणि डबा कधी उघडला.

आकाराचा हिशेब कागदावर करून पाहा. गोल कण धरला तर दर ग्रॅमचा पृष्ठभाग म्हणजे ६ भागिले (घनता गुणिले व्यास). निकेलची घनता ८.९. एक मिलिमीटरचा कण असेल तर दर ग्रॅमला ६.७ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो. दहा मायक्रॉनची भुकटी असेल तर ६७४. धातू तोच, वजन तेच, पाण्याला लागणारा पृष्ठभाग शंभरपट. उतरणारा धातू या पृष्ठभागातून येतो. त्यामुळे ‘निकेल १०० मिलिग्रॅम टाकलं’ एवढंच लिहिलेला अहवाल मला अर्धवट वाटतो. भुकटीसाठी बीईटी पद्धतीने, म्हणजे कणांवर वायूचा थर बसवून, मोजलेला पृष्ठभाग अहवालात असायलाच हवा, आणि चाचणीला घ्यायची ती बाजारात जाणारी सगळ्यात बारीक भुकटी.

डब्यातून नमुना घेताना वरचा चमचाभर घेऊ नका. वाहतुकीत हादरे बसून भरड कण वर येतात आणि बारीक खाली बसतात. सगळी भुकटी कागदावर ओतून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन घ्यायचे, पुन्हा चार भाग. हवं तेवढं माप उरेपर्यंत हेच. आणि डबा उघडल्याची तारीख त्यावर लिहून ठेवायची. तांब्याची ताजी भुकटी आणि महिनाभर उघडझाप झालेली भुकटी यांच्यावरची ऑक्साइडची साय वेगळी असते, आणि पहिल्या काही तासांत पाण्यात जे येतं ते पुष्कळदा त्या सायीतलंच असतं. निकेल आणि कोबाल्टच्या भुकट्या श्वासात जाणं घातक, त्या फ्यूम हुडमध्येच हाताळायच्या. जस्त आणि ॲल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते, तिच्याजवळ ठिणगी नको.

पदार्थ भुकटी नसून पत्रा, कांब किंवा गोळा असेल तर काय? अशा घन धातूसाठी मापाचा कण धरलाय तो एक मिलिमीटर व्यासाचा गोळा. पण तांब्याचे असे मिलिमीटरी गोळे ढवळले की एकमेकांवर घासतात, त्यांची चांदणीसारखी बारीक चुरी पडते आणि तुम्ही घासण मोजत बसता. त्यावर उपाय म्हणून धातूचा तुकडा इपॉक्सी रेझिनमध्ये बसवायचा, एकच सपाट तोंड उघडं ठेवायचं आणि ते बारीक पॉलिश पेपरने एकसारखं घासून घ्यायचं. तोंड केवढं ठेवायचं? तांब्याची घनता ८.९६, म्हणजे मिलिमीटरी गोळ्याचा पृष्ठभाग दर मिलिग्रॅमला ०.६७ चौरस मिलिमीटर. लिटरला १०० मिलिग्रॅमचं माप हवं तर ६७ चौरस मिलिमीटर. गोल तोंडाचा व्यास साधारण ९.२ मिलिमीटर येतो. रेझिन आणि धातू यांच्यामध्ये केसाएवढीही फट राहिली तर तिथे पाणी साचून वेगळंच गंजणं सुरू होतं. म्हणून पॉलिश झाल्यावर कड भिंगाखाली फिरवून पाहायची. बरोबर नुसत्या रेझिनची, धातू नसलेली एक चकती वेगळ्या भांड्यात ठेवायची.

पाणी

नळाचं, नदीचं, नुसतं डीआय, यातलं कोणतंच चालत नाही. ठरलेलं कृत्रिम पाणी बनवावं लागतं, आयएसओ ६३४१ मधल्या माध्यमावर बेतलेलं. मी चार साठ्याची द्रावणं करून ठेवते. प्रत्येकी एक लिटर:

कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ११.७६ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ४.९३ ग्रॅम
सोडियम बायकार्बोनेट २.५९ ग्रॅम
पोटॅशियम क्लोराइड ०.२३ ग्रॅम

पीएच ८ च्या पाण्यासाठी प्रत्येकातलं २५ मिलिलिटर घेऊन एक लिटर करायचं. लिटरला अनुक्रमे २९४, १२३.२५, ६४.७५ आणि ५.७५ मिलिग्रॅम होतात. पीएच ६ साठी प्रत्येकातलं फक्त २.५ मिलिलिटर, म्हणजे मिठं दहापट पातळ. साठ्याची द्रावणं एकमेकांत सरळ ओतू नका. आधी भांड्यात भरपूर डीआय पाणी घ्या, मग एकेक घाला, बायकार्बोनेट सगळ्यात शेवटी. दाट कॅल्शियम आणि दाट बायकार्बोनेट एकत्र आले की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढुरका साका बसतो, आणि तो पुढे धातूला धरून ठेवतो. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, कारण सेंद्रिय पदार्थ धातूच्या आयनाला बांधून ठेवतात.

आता पीएच. अनेकांची चाचणी इथे बिघडते, म्हणून थोडं थांबते. पीएच ८ चं पाणी साध्या हवेशी समतोल साधतं, तिथे फार काही करावं लागत नाही. पीएच ६ चं पाणी मात्र ०.५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा सतत मिळत असेल तरच ६ वर राहतं. त्या पातळ पाण्यात बायकार्बोनेट इतकं थोडं असतं की झाकण उघडं ठेवून साध्या हवेत ते सोडलं तर पीएच चढत चढत ७ च्या पुढे जातो. नमुना घेताना झाकण किती वेळ उघडं राहिलं, वायूची नळी निसटली का, सिलिंडर रात्री संपला का, हे सगळं त्या पीएचमध्ये दिसतं. चढलेला पीएच रोज दोन थेंब ॲसिड टाकून खाली आणायचा मोह होतो. मी तो टाळते. थेंब पडतो तिथे क्षणभर पाणी तीव्र आम्ल होतं, आणि त्या क्षणी जवळच्या कणांतून जेवढा धातू सुटतो तेवढा एरवी दिवसभरात सुटला नसता. वायूची गळती शोधा, तीच दुरुस्त करा. चाचणीभर पीएच ०.२ च्या आत राहिला पाहिजे.

पदार्थ टाकण्याआधी पाणी भांड्यात भरून, वायू चालू करून रात्रभर ठेवा. सकाळी पीएच, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन नोंदवा. ऑक्सिजन लिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायचा नाही, कारण धातूरूपातल्या पदार्थाला आयन व्हायला तो लागतोच. तापमान २० ते २५ अंशांमधलं एक ठरवा आणि चाचणी संपेपर्यंत दीड अंशाहून जास्त हलू देऊ नका.

भांडी आणि ढवळणं

भांडी रात्रभर १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून, मग डीआय पाण्याने निदान पाच वेळा धुवून घ्या. ॲसिड पातळ करताना ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नको. काच चालते, पण काही धातू काचेच्या भिंतीला चिकटून बसतात. तसं होतंय का हे कसं पाहायचं ते शेवटी येईल.

ढवळण्याचा वेग मिनिटाला १०० फेरे. कणांवरून पाणी फिरत राहावं, पण कण दळले जाऊ नयेत, एवढाच त्याचा हेतू. तळाशी फिरणारी चुंबकी कांडी वापरू नका. ती कण आणि काच यांच्यामध्ये जात्यासारखी फिरते. निकेलच्या बाबतीत तर मी स्वतः ते पाहिलंय. नवीन असताना एका भांड्यात अशी कांडी टाकली होती. चार तासांनी पाणी आरशासारखं नितळ आणि कांडीला काळी फर आलेली. सगळी निकेल भुकटी चुंबकाला चिकटून बसली होती, पाण्याला लागत होता तो फक्त त्या थराचा वरचा पापुद्रा. लोखंड, कोबाल्ट आणि काही जातींच्या स्टेनलेस स्टीलचंही हेच होणार. वरून सोडलेली टेफ्लॉनची पंख्याची ढवळणी घ्या, किंवा भांडी गोल हलवणाऱ्या शेकरवर ठेवा.

तोलणं आणि टाकणं

लिटरला १०० मिलिग्रॅम तोलणं सोपं आहे, पण १ मिलिग्रॅम तोलताना सहा दशांशांचा काटाही चंचल होतो. शक्य असेल तिथे मी मोठं भांडं घेते, म्हणजे वजनही त्या पटीत वाढतं आणि तोलण्यातली चूक लहान होते. भुकटी ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या पन्हाळीत तोलायची नाही, खास करून ॲल्युमिनियमचीच चाचणी असताना. प्लास्टिकची घ्या. रिकामी पन्हाळी पुन्हा तोला आणि फरक लिहा. ‘१.००’ असं ठरवून लिहिलेला आकडा नको, काट्याने दाखवलेला १.०३७ च लिहा.

काही भुकट्या भिजत नाहीत, पाण्यावर सायीसारख्या तरंगतात. तिथे साबणासारखं काही घालू नका, ते धातूला बांधतं. अल्ट्रासाउंडही नको, त्याने गुठळ्या फुटून नवा पृष्ठभाग उघडा पडतो. काचेच्या कांडीने ती साय हलकेच पाण्याखाली दाबायची, आणि किती वेळ तरंगत होती ते वहीत लिहायचं.

चोवीस तास, मग सात दिवस

आधी छोटी प्राथमिक चाचणी (स्क्रीनिंग) करतात: लिटरला १०० मिलिग्रॅम, २४ तास, तीन भांडी आणि ब्लँक, म्हणजे पदार्थ न टाकलेलं भांडं. ज्या पीएचला सगळ्यात जास्त धातू उतरेल असं वाटतं तोच घ्यायचा. तांबं, जस्त, निकेल, कोबाल्ट यांना खालचा पीएच. मॉलिब्डेनम किंवा व्हॅनेडियमसारखे, पाण्यात ऋण आयन होऊन राहणारे धातू असतील तर वरचा पीएच पाहावा. चोवीस तासांतच भसाभस विरघळलं तर पदार्थ ‘अविद्राव्य’ म्हणण्यासारखा नाही, त्याला विद्राव्य मिठाच्या पंक्तीत बसवायचं. नाहीतर पूर्ण चाचणी.

पूर्ण चाचणीत लिटरला १, १० आणि १०० मिलिग्रॅम अशी तीन मापं, प्रत्येकी तीन भांडी, सात दिवस. नमुने २ तास, ६ तास, १ दिवस, ४ दिवस आणि ७ दिवसांनी. दोन तासांचा नमुना दमछाक करणारा असतो. नऊ भांडी आणि ब्लँक, सगळ्यांची वेळ एकदम येते. मी भांड्यांत पदार्थ टाकतानाच दोघांत दहा-दहा मिनिटांचं अंतर ठेवते, म्हणजे नमुनेही त्याच क्रमाने येतात आणि प्रत्येकाचे दोन तास खरोखर दोनच तास होतात.

एक नमुना घेताना काय काय करते ते सांगते. ढवळणी थांबवते, पाच मिनिटं कण बसू देते. स्वच्छ सिरिंजने पृष्ठभाग आणि तळ यांच्या मधोमध पाणी ओढते. सिरिंजला ०.२ मायक्रॉनचा फिल्टर लावते. पहिले पाच मिलिलिटर बाजूच्या बीकरमध्ये, ते टाकून द्यायचे. मग १० मिलिलिटर ॲसिडने धुतलेल्या नळीत. तेच पुन्हा, नव्या फिल्टरने, दुसऱ्या नळीत. दोन्हीत लगेच नायट्रिक ॲसिड, १ टक्का होईल एवढं, म्हणजे धातू नळीच्या भिंतीला धरणार नाही. झाकण, ढवळणी चालू, पीएच आणि तापमान नोंद. ॲसिड गाळल्यानंतरच घालायचं. आधी घातलं तर तरंगणारे कणही विरघळतात आणि मग मोजण्यात काही अर्थ उरत नाही.

फिल्टरवर डोळे झाकून विसंबू नका. तो दोन्ही बाजूंनी फसवतो. एक तर तो स्वतः धातू धरून ठेवतो. म्हणून काम सुरू करण्याआधी तुमच्या अपेक्षेएवढ्या तीव्रतेचं माहीत असलेलं द्रावण, त्याच चाचणीच्या पाण्यात केलेलं, त्यातून गाळून पाहा. शंभरातले पंचाण्णव आले तर ठीक, सत्तर आले तर फिल्टरचा पडदा बदला. दुसरं, ०.२ मायक्रॉनहून बारीक कण त्यातून सरळ पार होतात आणि ॲसिडमध्ये विरघळून ‘उतरलेला धातू’ म्हणून मोजले जातात. गाळलेलं पाणी काळ्या कागदासमोर धरून त्यावर टॉर्चचा झोत टाका. झोताची वाट पाण्यात धुक्यासारखी दिसली तर कण आहेत. मग वेगाने फिरवून खाली बसवण्याचा, म्हणजे सेंट्रिफ्यूजचा, मार्ग धरून दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

मोजमाप आयसीपी-एमएसवर किंवा ग्राफाइट फर्नेसच्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर, म्हणजे पाण्यातला अगदी थोडा धातूही मोजणाऱ्या उपकरणांवर. कॅलिब्रेशनची स्टँडर्ड द्रावणं साध्या ॲसिडच्या पाण्यात न करता चाचणीच्या पाण्यातच करा. पीएच ८ च्या पाण्यात कॅल्शियम आणि सोडियम पुष्कळ असतं आणि त्याने उपकरणाचा प्रतिसाद बदलतो. एकाच भांड्याच्या दोन नमुन्यांत १० टक्क्यांहून, किंवा त्याच मापाच्या तीन भांड्यांत २० टक्क्यांहून जास्त तफावत आली तर आधी कारण शोधायचं. नुसती सरासरी काढून पुढे गेलात तर ती तफावत तुमच्याबरोबर अहवालात येते.

हिशेब

एक लिटरच्या भांड्यातून दर वेळी ३० मिलिलिटर काढलं, की पाणी कमी होतं पण भुकटी तेवढीच राहते. सातव्या दिवशी, शेवटचा नमुना घेताना, भांड्यात ८८० मिलिलिटरच असतात. हा फरक आकड्यात कसा दिसतो ते उदाहरणाने पाहू. आकडे समजावण्यापुरते घेतलेत. दर लिटरला मायक्रोग्रॅममध्ये पाच नमुने असे आले: ४२, ७१, ११८, १९०, २३६.

पहिल्या चार नमुन्यांबरोबर बाहेर गेलेला धातू: ४२, ७१, ११८, १९० यांची बेरीज ४२१, गुणिले ०.०३० लिटर, म्हणजे १२.६ मायक्रोग्रॅम. शेवटी भांड्यात असलेला: २३६ गुणिले ०.८८०, म्हणजे २०७.७. दोन्ही मिळून सुटलेला धातू २२०.३ मायक्रोग्रॅम, मूळच्या एक लिटरला. वाचलेला आकडा २३६ होता, म्हणजे सात टक्के चढा. या दुरुस्तीत एक गृहीत आहे, की कणांतून धातू सुटणं पाण्याच्या कमी-जास्त होण्याने बदललं नाही. मिनिटागणिक वाढणाऱ्या पहिल्या टप्प्यात ते बऱ्यापैकी खरं असतं, संपृक्ततेजवळ नसतं. त्यामुळे मी दोन्ही आकडे अहवालात देते. जमेल तर याहून चांगला मार्ग म्हणजे मोठं भांडं घेणं किंवा कमी नमुना काढणं, म्हणजे दुरुस्तीच नगण्य होते.

ब्लँकचा आकडा वजा करण्याआधी तो कुठून आला ते माहीत असायला हवं. स्थिर आणि लहान असेल तर वजा करा. चढत जाणारा किंवा भांड्यागणिक वेगळा असेल तर वजाबाकीने काही शुद्ध होत नाही.

आलेख वाचताना

पाच बिंदूंचा आलेख काढा, वेळ आडवी, धातू उभा. साधारणपणे तो आधी चढतो आणि मग सपाट होत जातो. पण शिसं पाहा. पीएच ८ च्या पाण्यात शिशाचा आकडा पहिल्या दिवशी वर जाऊन चौथ्या दिवशी खाली आलेला दिसू शकतो. धातू सुटतो, पण पाण्यातल्या बायकार्बोनेटशी जुळून शिशाचं कार्बोनेट होतं आणि साका बसतो. सातव्या दिवसाचा एकच बिंदू घेतला असता तर वाटलं असतं की फारसं काही सुटलंच नाही. लोखंडाचंही तसंच. सुटलेलं फेरस, म्हणजे विरघळलेलं लोखंड, काही वेळात ऑक्सिजनने फेरिक होतं आणि तांबूस गाळ धरतं. तो गाळ इतर धातूंनाही ओढून घेतो, म्हणून लोखंड असलेल्या मिश्रधातूत तांब्याचा किंवा जस्ताचा आकडा घसरला तर गाळाचा रंग पाहा.

तांब्याची भुकटी जास्त मापात असेल तर पीएच आपोआप वर सरकताना दिसतो. धातूचं तांबं आयन होताना ऑक्सिजनबरोबर हायड्रोजन आयनही खर्च होतात. पीएच ६ च्या पातळ पाण्यात त्याचा धक्का जास्त जाणवतो. वायूचा पुरवठा नीट असेल तर तो भरून निघतो. नसेल तर १०० मिलिग्रॅमच्या भांड्यांचा पीएच १ मिलिग्रॅमच्या भांड्यांपेक्षा वेगळा होतो आणि तुलनाच मोडते. म्हणूनच पीएच प्रत्येक भांड्याचा वेगळा लिहायचा, एका भांड्याचा मोजून सगळ्यांना लावायचा नाही.

मिश्रधातूच्या बाबतीत टक्केवारीवरून अंदाज बांधू नका. स्टेनलेस स्टीलमधल्या क्रोमियमची साय पृष्ठभागावर घट्ट बसते आणि निकेलला अडवून धरते. त्यामुळे आत जेवढं निकेल आहे त्या प्रमाणात ते बाहेर येत नाही. उलट दोन धातू नुसते शेजारी मिसळलेले असले तर त्यातला जास्त सक्रिय धातू एरवीपेक्षा लवकर गंजतो. प्रत्यक्ष तोच मिश्रधातू चाचणीला लावणं एवढाच खात्रीचा रस्ता आहे.

हे सगळं करून मिळालेला आकडा शेवटी ताडायचा असतो जलचरांवरच्या विषारीपणाच्या आकड्याशी, आणि तोही त्याच पीएच पट्ट्यातला हवा. सातव्या दिवशी १ मिलिग्रॅमच्या मापातून सुटलेला धातू त्या तीव्र विषारीपणाच्या आकड्याला पोचला तर पदार्थ तीव्र धोक्याच्या पहिल्या वर्गात. १ मध्ये नाही पण १० मध्ये पोचला तर दुसऱ्या. फक्त १०० मध्ये पोचला तर तिसऱ्या. समजा विषारीपणाचा आकडा १२० आहे, १०० च्या मापात वरच्या उदाहरणातले २२० आले, १० च्या मापात ३१, तर हा पदार्थ तिसऱ्या वर्गात. इथेच दिसेल की सिरिंजच्या रबरातून आलेले दहा मायक्रोग्रॅम कधी कधी वर्ग बदलू शकतात. बदललेल्या वर्गाने पदार्थाच्या पोत्यावरची चिठ्ठी बदलते, आणि ते पोतं नदीकाठी कसं ठेवायचं, सांडलं तर काय करायचं हे त्या चिठ्ठीवर ठरतं. तिथल्या माशांना आमची वही दिसत नाही, म्हणून ती वही नीट असावी असं मला मनापासून वाटतं.

दीर्घकालीन धोक्यासाठी १ मिलिग्रॅमची भांडी सात दिवसांवर न थांबवता पुढे १४, २१ आणि २८ दिवसांपर्यंत चालू ठेवतात. पद्धत तीच. फक्त बाष्पीभवन आता मोजण्याजोगं होतं, म्हणून भांड्याचं एकूण वजन दर आठवड्याला नोंदवा.

शेवटचा नमुना झाल्यावर भांडी लगेच धुवायला टाकू नका. उरलेलं पाणी आणि भुकटी गाळून घ्या, भुकटी वाळवून नाव-तारखेसह ठेवा. मग रिकाम्या भांड्यात १० टक्के नायट्रिक ॲसिड थोडंसं घालून भिंतींवरून फिरवा, तासभर ठेवा आणि तेही मोजा. भिंतीला चिकटलेला धातू त्यात निघतो. एखादा कण भिंतीला राहिला असेल तर तोही विरघळतो, म्हणून आधी भांडं चाचणीच्याच ताज्या पाण्याने दोनदा हलकं विसळून घ्यायचं. पाण्यातल्या धातूच्या दहा टक्क्यांहून जास्त धातू भिंतीवर निघाला तर पुढच्या वेळी काचेऐवजी टेफ्लॉनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं भांडं घ्या, आणि या वेळच्या अहवालात तो भिंतीवरचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहा.